आपली चीर आपण मिटविणाऱ्या नळीची बखर

श्री. ज्या कृपेने तुटले ते सांधते आणि पाण्याखाली गेलेला माणूस पुन्हा सूर्य पाहतो, त्या कृपेस आधी दंडवत घालून ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, ते दिवशी या वर्तमानाचा आरंभ. लिहिणार रसशाळेकडील एक कारकून. त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. राज्याचेही नाव लिहीत नाही, कारण जे घडले ते ज्यांनी घडविले त्यांचे आहे.

राज्य डोंगराळ. राजधानीचे वर मोठे सरोवर, त्यास पूर्वजांनी बांधिलेला दगडी बांध, आणि बांधाखाली सात गावे. बांधाचे तळाशी एक मोरी आहे, तीस तळमोरी म्हणतात. पावसाळ्यापूर्वी तिचे लोखंडी दार उघडून पाणी उतरवावे, मग पुरास जागा होते, ऐशी वहिवाट. त्या वर्षी पुराबरोबर दारात एक थोरला ओंडका आणि जुन्या कठड्याचे वाकडे लोखंड येऊन अडकले, आणि दार हलेना. मग पाणबुड्यांचे नाईक हिराजी भोई अकरा पुरुष खोल पाण्यात उतरले. वर होडीत दोन असामी भात्याने हवा देत, ती नळीवाटे नाईकांचे तोंडास पोहोचे. नाईकांनी ओंडक्यास दोर बांधिला, इतक्यात नळी त्या वाकड्या लोखंडास घासली आणि तीस दोन बोटे चीर पडली. नाईकांनी खुणेचा दोर तीन वेळा ओढिला, म्हणजे संकट. वरच्यांनी ओढावयास लागावे तो चिरेपासून नळी आडवी फाटली आणि हवा सरोवरात गेली. धाकटे बंधू धाकोजी यांनी उडी घालून थोरल्यास वर आणिले, परंतु प्राण राहिला नव्हता. साता गावांत त्या दिवशी चूल पेटली नाही.

पुढे तेरावे जाहलियावर हिराजींची बायको तुळसाबाई ती फाटकी नळी हाती घेऊन दरबारास आली. तेव्हा राणीसाहेब गादीवरून उतरून तिजजवळ जाजमावर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, काय मागायचं ते माग."

तुळसाबाई बोलिली, "सरकार, म्या मागायला आली न्हाई, आन् कुनावर आळ घ्यायलाबी न्हाई. ही चीर बघा. दोन बोटांची हाय. धन्याच्या हातापायाला अशा शंभर चिरा पडल्या आन् शंभर भरून आल्या. ह्या नळीची तेवढी भरत न्हाई. आता भावजी म्हनत्यात, मी उतरतो. नळी अशीच असंल तर म्या त्यास्नी उतरू देनार न्हाई. दारात आडवी पडंन."

धाकोजी मागे उभे होते. मग राणीसाहेबांनी रसशाळेच्या मुख्य सगुणाबाई आगटे यांस बोलावणे धाडिले. या बाई पन्नाशीच्या आतबाहेर, अंगाने सडपातळ, बोलण्यात रोखठोक. खोटा दिलासा देणे त्यांस ठाऊक नाही. राणीसाहेब म्हणाल्या, "स्वतःची चीर स्वतः मिटवील अशी नळी होईल का?"

सगुणाबाईंनी फाटकी नळी उलटीसुलटी पाहिली आणि उत्तर दिले, "मिटवणारी करता येईल. बळकट करता येईल. एकाच नळीत दोन्ही गुण येतील, असं आज छातीवर हात ठेवून सांगवत नाही. वेळ द्या."

"किती?"

"दीड वर्ष. त्यातही हमी नाही."

दिवाणजी तेथे होते. ते मनाचे चांगले, परंतु उतावळे. ते म्हणाले की नळीस लोखंडी तारेचे वेष्टण करावे, काम संपेल. तेव्हा धाकोजी प्रथमच बोलले, "दिवाणजी, ती नळी वढत खाली वळता यायचं न्हाई. लोखंडाआधी मीच अडकंन." मग ती मसलत राहिली आणि काम सगुणाबाईंकडे आले.

आता ते द्रव्य कैसे, हे सांगितलेच पाहिजे. परदेशी विद्वान त्यास पॉलियुरेथेन म्हणतात. डोळ्यांस न दिसणाऱ्या लांब लांब साखळ्यांचे ते बनते. प्रत्येक साखळीत काही भाग मऊ, तो ताण दिला की लांबतो. काही भाग कठीण, तो शेजारच्या साखळीच्या कठीण भागास धरून राहतो आणि द्रव्यास बळ देतो. सगुणाबाईंनी साखळ्यांत गंधकाच्या जोड्या गुंफिल्या. दोन गंधक एकमेकांस धरून असतात, परंतु ती पकड कायमची नव्हे. प्रसंगी सोडितात आणि दुसऱ्या जोडीतल्या गंधकास जाऊन धरितात. याउपर हायड्रोजनचे बारीक बारीक बंध असतात, ते चटकन तुटतात आणि चटकन जुळतात. बाईंचा विचार असा की चीर पडली तरी दोहो कडांवरचे हे बंध पलीकडचा सोबती शोधतील आणि जखम आपोआप भरेल. विचार खरा होता. परंतु जे सहज सोडिते ते ओझे धरीत नाही, आणि जे ओझे धरिते ते सोडीत नाही, ही मोठी अडचण होती.

पौषात पहिली नळी जाहली. ती मऊ. बाईंनी दरबारात ती कात्रीने कापिली, दोन तुकडे एकास एक लाविले, आणि एका घटकेत कोठे कापिली होती ते सापडेना. सभा खूश जाहली. मग धाकोजी म्हणाले, "बाईसाहेब, म्या लोंबकळून बघू का?" आणि त्यांनी तुळईस नळी बांधून अंगाचा भार टाकिला. नळी गुळाच्या पाकासारखी लांबत लांबत खाली आली आणि धाकोजी सावकाश जाजमावर बसते जाहले. कोणी हसले नाही. मग धाकोजी स्वतःच हसले, तेव्हा सर्वांस मोकळीक जाहली. सगुणाबाई मात्र त्या दिवशी जेवल्या नाहीत.

चैत्रात दुसरी नळी जाहली. तीत कठीण भाग वाढविला. तीस दोन रेडे जुंपिले तरी ती तुटेना. परंतु सुरीने चिरून, दाबून, ऊनऊन वाळूत आठ दिवस ठेविली तरी चीर चीरच राहिली. कठीण भाग भिंतीतल्या विटांसारखे इतके घट्ट बसले होते की आतल्या गंधकास हलावयास वाव नव्हता. मग बाईंनी प्रमाण बदलिले, उष्णता बदलिली, क्रम बदलिला. कधी बळ येई तर भरणे जाई, कधी भरणे येई तर बळ जाई. असे करिता करिता श्रावण आला.

शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृतनाम संवत्सर. तळमोरी बंदच होती, आणि सरोवर काठोकाठ भरले. बांध जाईल तर साती गावे जातील, म्हणोन राणीसाहेबांनी स्वतः उभे राहून डावीकडील मातीचा काठ फोडविला आणि पाणी बाजूस काढिले. त्या वाटेत सातांतलीच दोन गावे होती. तेथील माणसे आणि गुरे आधीच टेकडीवर नेली होती, त्यामुळे जीव कोणाचा गेला नाही. परंतु दोन्ही गावांची घरे गेली. सगुणाबाई टेकडीवर गेल्या आणि चिखलातून भांडी शोधणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या. परतल्यावर रसशाळेची किल्ली त्यांनी राणीसाहेबांपुढे ठेविली.

"सरकार, माझ्याच्यानं होत नाही. दुसऱ्या कोणाला नेमा."

राणीसाहेब म्हणाल्या, "नेमते. पण त्याला शिकवावं लागेल की कुठं कुठं चुकलं आणि का चुकलं. ते शिकवायला कोणाला बोलावू? तेवढं सगळं ठाऊक असलेलं माणूस राज्यात एकच आहे, आणि ते किल्ली परत देतंय."

सगुणाबाई किल्ली उचलून गेल्या, आणि दुसरे दिवशी रसशाळा नेहमीच्या वेळेस उघडली.

पुढे मार्गशीर्षात विलक्षण वर्तमान जाहले. परीक्षेसाठी ओतीत ती नेहमीची चकती साच्यातून काढावी तो ती दुधाळ न निघता काचेसारखी स्वच्छ निघाली. बाईंनी ती उजेडाकडे धरिली, मग चिरली, मग कडा जुळवून ठेविली. दुपारपर्यंत चीर मिटली. मग तीस वजने टांगिली. दुसऱ्या नळीच्या चकतीने धरिले होते तितके वजन हिनेही धरिले. बाई खाली बसल्या आणि उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या. मग तीच कृती पुन्हा केली, तो चकती दुधाळ. सात वेळा केली, साती वेळा दुधाळ. तेव्हा बाईंनी सर्वांस जमवून विचारिले की त्या दिवशी कोणी काही निराळे केले काय. सर्व नाही म्हणाले.

रसशाळेत केरोबा मापारी म्हणोन कोठीवरचे जुने माणूस होते, वय एकसष्ट. तीस वर्षे त्यांचे हातून तोलात गुंजेची चूक जाहली नव्हती, याचा त्यांस अभिमान. ते तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत. चौथे दिवशी सगुणाबाईंपुढे येऊन पगडी काढून उभे राहिले.

"बाईसाहेब, त्या दिवशीची चूक माझी आहे. शेजारी शेजारी दोन बरण्या असतात. मी सरळ कणांची म्हणून वाकड्या कणांची बरणी दिली. संध्याकाळी हात लावून पाहिलं तेव्हा कळलं. बोललो नाही."

"का बोलला नाहीत?"

"डोळ्यांत पडदा आलाय. वर्ष झालं. अक्षर दिसत नाही, हातानं ओळखून देतो. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं, आणि या कोठीखेरीज मला दुसरं काही येत नाही."

येथे सांगणे जरूर की साखळ्या सांधणारे जे द्रव्य असते, त्याच्या दोन जाती कोठीत होत्या. एकीचे कण सरळ आणि सारखे, ते विटांसारखे घट्ट रचले जातात. दुसरीचे कण वाकडे, एक बाजू जाड, एक बारीक. बळकट नळीस वाकडी जात कामाची नाही, ऐसे सर्वांनी धरिले होते. बाईंच्या ध्यानी आले की कण वाकडे असल्यामुळेच कठीण भाग एकमेकांस धरून राहिले, परंतु घट्ट रचले गेले नाहीत, आणि मधल्या सैल जागेत गंधकास सोबती बदलावयास वाव मिळाला. आणि ताण पडला म्हणजे हायड्रोजनचे बारीक बंध आधी तुटतात, तो ताण आपल्या अंगावर खर्च करितात आणि पुन्हा जुळतात. मुख्य साखळीस धक्का पोहोचत नाही. म्हणजे बळ एका थोर बंधाचे नव्हते, हजारो लहान बंधांचे होते.

केरोबा शिक्षेची वाट पाहत उभेच होते. सगुणाबाई उठल्या, त्यांनी पगडी उचलून त्यांचे हाती दिली आणि म्हणाल्या, "तीस वर्षं तुम्ही बरोबर तोललंत, त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आता एका चुकीचे तेवढे मानले तर बरं दिसायचं नाही. दोन्हींचे मिळून मानते." केरोबांचे डोळ्यांस पाणी आले. ही हकीकत राणीसाहेबांचे कानी गेली, आणि त्यांनी वैद्य बोलावून केरोबांचे दोन्ही डोळ्यांचे पडदे काढविले. पट्टी सुटल्यावर केरोबांनी प्रथम बरण्यांवरील अक्षरे वाचिली, आणि काही अक्षरे फार वाईट आहेत, ऐसे म्हणाले. ती या लिहिणाराची होती.

तरीही काम पुरे नव्हते. कोरडी चीर भरे, परंतु पाण्यात धरिली तर भरेना. पाणी कडांमध्ये शिरून हायड्रोजनच्या बंधांस आपणच धरून बसे. मग बाईंनी साखळीचा मऊ भाग बदलून तेलासारखा, पाण्यास दूर सारणारा घातिला. त्यास दोन महिने गेले. याउपर नळी दुहेरी केली. बाहेरची ताणून आतलीवर चढविली, त्यामुळे आतलीच्या चिरेच्या कडा एकमेकींवर दाबून राहत. बाहेरची चीर उघडी राहिली तरी आतली मिटे. फाल्गुनात धाकोजी स्वतः विहिरीत उतरले आणि त्यांनी आपल्या सुरीने आपलीच नळी चिरली. अर्ध्या घटकेत बुडबुडे बंद जाहले. वर येऊन ते तुळसाबाईस म्हणाले, "वैनी, आता तू सांग."

तुळसाबाईने ती चीर बोटाने चाचपली, मग दुसऱ्या बोटाने चाचपली. मग म्हणाली, "उतरा. पन खुनंचा दोर माज्या हातात ऱ्हाईल."

शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, वैशाख शुद्ध दशमी, सकाळचे प्रहरी होडी सरोवरात गेली. होडीत भात्यावर दोन असामी, सगुणाबाई, आणि खुणेचा दोर हाती घेऊन तुळसाबाई. काठावर राणीसाहेब, दिवाणजी आणि साता गावांची माणसे. धाकोजींनी पाण्यास हात लावून नमस्कार केला आणि उतरले. काही काळ सर्व ठीक चालले. मग पाण्यावर बुडबुड्यांचा लोट आला. त्याच वाकड्या लोखंडाने नळी चिरली होती, आणि चिरून त्यात अडकलीही होती, म्हणोन धाकोजींस वर येता येईना आणि वरच्यांस ओढिता येईना.

भात्यावरील एक असामी म्हणाली, "बाईसाहेब, हवा निसटतीय. ओढू का?"

सगुणाबाई म्हणाल्या, "ओढू नका. भाता थांबवू नका. फाटणार नाही ती. तिला वेळ द्या."

तुळसाबाई दोरावर हात ठेवून बसली होती. तिने दोर एकदा हळूच ओढिला, म्हणजे कसे आहे. खालून एक ओढ आली, म्हणजे आहे. पुन्हा विचारिले, पुन्हा आली. तिसरे वेळी उशीर लागला, आणि तुळसाबाई डोळे मिटून काही पुटपुटली. मग आली. इकडे बुडबुडे पहिल्यापेक्षा थोडे जाहले, मग आणखी थोडे, मग कढईत निवत आलेल्या तेलासारखे एखादा एखादा, आणि मग पाणी स्वस्थ जाहले. नळीस चीर होती, परंतु ती हातभर पुढे धावली नाही. जेथे पडली तेथेच राहिली आणि तेथेच मिटली. खाली धाकोजी स्वस्थ उभे राहून थोडा थोडा श्वास घेत होते. हवा पुरती येऊ लागली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी नळी लोखंडातून सोडविली, आणि दोर दोनदा ओढिला, म्हणजे वर घ्या.

ते वर आले. होडीत चढविल्यावर तुळसाबाईने त्यांचे तोंडावरून पदर फिरविला आणि म्हणाली, "लई वेळ लावलात भावजी."

"व्हय," धाकोजी म्हणाले, "नळी म्हनली, थांब जरा."

मग दोन दिवस विसावा घेऊन ते पुन्हा त्याच नळीने उतरले, आधी ते लोखंड कापिले, मग ओंडका सोडविला, आणि काठावरच्यांनी दोरांनी तो ओढून काढिला. पौर्णिमेस तळमोरीचे दार उघडिले. पाणी जे निघाले त्याचा आवाज साता गावांत ऐकू गेला. त्या श्रावणात पूर आला तो सरोवराने पोटात घेतला, आणि टेकडीवर राहिलेली दोन गावे आपल्या जागी पुन्हा उभी राहू लागली.

पुढे दरबार भरला. राणीसाहेबांनी सगुणाबाईंस आणि केरोबांस शालजोड्या दिल्या आणि धाकोजींस नाईकी दिली. दिवाणजींनी सुचविले की या द्रव्याची कृती राज्याचे गुपित म्हणोन मोहोरबंद ठेवावी. तेव्हा राणीसाहेब म्हणाल्या, "दिवाणजी, बुडणाऱ्याला तू कोणत्या राज्याचा, असं आपण विचारत नाही. कृती लिहून शेजारच्या सर्वांना पाठवा. आपलं कुठं कुठं चुकलं तेही लिहा, म्हणजे त्यांचं दीड वर्ष वाचेल." त्याप्रमाणे नकला या लिहिणाराने केल्या, अक्षर यावेळी केरोबांनी तपासिले. मग द्रव्यास नाव काय द्यावे, ऐसा प्रश्न निघाला, आणि सर्वांचे मुखी हिराजींचे नाव आले. सगुणाबाईंनी तुळसाबाईकडे पाहिले.

तुळसाबाई उठून म्हणाली, "तुमी समद्यांनी लई केलं. त्येंच्यासाठी इतकी मानसं दीड वरीस राबली, ह्ये मला जलमभर पुरंल. पन नाव त्येंचं त्येंच्यापाशी ऱ्हाऊ द्या. नळीला नळी म्हना." तेच ठरले.

सारांश हा की, हिराजी नाईक गेले त्या दुःखातून तुळसाबाईने प्रश्न विचारिला, सगुणाबाईंनी तो सोडिला नाही, केरोबांनी चूक कबूल केली, आणि धाकोजींनी भरवसा ठेविला. शेजारच्या तीन राज्यांतून नळी पोहोचल्याची पत्रे आली आहेत. आपल्या सरोवरात आजपर्यंत एकोणसत्तर वेळा माणूस उतरला आणि एकोणसत्तर वेळा वर आला. या सर्वांचे उपकार कसे मानावे याचे शब्द लिहिणाराने पुष्कळ शोधिले, सापडले नाहीत, म्हणोन जसे घडले तसे लिहून ठेविले. इति.